फोटोतला हवालदार

त्या फोटोत माझी पाठ दिसते. पाठ आणि डावा कान. त्यामुळे 'हा मी' असं कुणाला सांगितलं, की माणूस आधी फोटोकडे बघतो, मग माझ्या कानाकडे, आणि मग सभ्यपणे विषय बदलतो. त्याची चूक नाही. पन्नास वर्षांत कानसुद्धा म्हातारा होतो.

फोटो मात्र आता बडं प्रस्थ झालाय. पुस्तकांत छापून येतो, एका प्रदर्शनात भिंतभर लागला होता, दर जूनमध्ये, प्राइडच्या महिन्यात, कुणी ना कुणी तो मलाच मोबाइलवर पाठवतं. बारच्या फरशीवर गुडघे टेकलेले दहाबारा पुरुष, तोंडं भिंतीकडे, माना खाली. त्यांच्या मधोमध गणवेशातला एक दांडगा माणूस उभा, तोंड टोपीच्या सावलीत, हातात दंडुका. फरशीवर पांढऱ्या रेघा. आणि त्या सगळ्या पाठींच्या गर्दीत एकच चेहरा, दाराकडे वळलेला, डोळे मोठ्ठे केलेला. खालचा मजकूर ठरलेला आहे: पूर्व लॉस एंजेलिस, समलिंगी पुरुषांच्या बारवर पोलिसांचा छापा.

तो चेहरा एवारिस्तोचा. आम्ही दोघांनी पंधरा वर्षं संसार केला. ज्या वर्षांत एड्सने आमच्यातले सगळेच जात होते, त्या वर्षांत तोही गेला. त्याच्या फोटोतल्या डोळ्यांवर एका प्राध्यापकाने दीड पान लिहिलंय. एका अख्ख्या समाजाची पिढ्यान्‌पिढ्यांची भीती त्याला त्या डोळ्यांत सापडली. पांढऱ्या रेघा म्हणजे पोलिसांनी माणसं ओळीत बसवायला मारलेल्या खडूच्या खुणा, असंही त्याचं संशोधन आहे.

एवारिस्तो तामाले आले का ते बघत होता.

त्या संध्याकाळी छापाबिपा काही नव्हता. पडायचे छापे, नाही असं नाही. मी स्वतः दोनदा पोलिसांच्या गाडीत बसून आलोय. पण तेव्हा फोटो काढायला कोणी हजर नव्हतं. हा फोटो आहे तो सेलेदोनिओच्या नवव्या दिवसाचा. सेलेदोनिओ छपरांवर डांबर घालायचं काम करायचा. एका शाळेच्या छपरावरून पडला आणि गेला. त्याचे भाऊ मेक्सिकोतल्या साकातेकासहून आले, देह घेऊन गेले, त्याची गिटार नेली, गादीसुद्धा नेली. अबुंदिओ त्याच्याबरोबर सात वर्षं राहत होता. त्याला भाऊ म्हणाले, 'खोलीवरचे सोबती असून एवढं केलंत, देव तुमचं भलं करो.' आणि गाडीचं दार लावून घेतलं.

आम्हा मेक्सिकन लोकांत माणूस गेला की नऊ संध्याकाळी घरात जपमाळ म्हणतात. जमिनीवर चुन्याचा क्रूस काढतात, भोवती मेणबत्त्या लावतात, आणि नवव्या दिवशी एकेक मेणबत्ती विझवून तो क्रूस गोळा करतात. मग आलेल्यांना पोटभर खायला घालतात. तिकडे साकातेकासला हे सगळं रीतसर झालं असणार. इकडे अबुंदिओने काय करायचं? चर्चमध्ये जाऊन कोण गेलं म्हणून सांगणार? माळ सांगणाऱ्या म्हाताऱ्या बायका त्या दोघांच्या खोलीत पाऊल टाकेनात. शेवटी 'एल कानारिओ' या आमच्या बारची मालकीण दोन्या मेचे म्हणाली, "माझ्याकडे करा. सहाला गाण्याची पेटी बंद करते, सातला चालू करते. त्याहून जास्त मेलेल्यालाही नको असतं." तामाले, म्हणजे मक्याच्या पानांत गुंडाळून उकडलेले पिठाचे उंडे, ती स्वतः घरून करून आणणार होती. बिलियर्डच्या टेबलाशेजारी आम्ही चुन्याचा क्रूस काढला.

ज्याच्या घरचं माणूस गेलं त्याने खरं तर माळ सांगायची नसते, बाकीच्यांनी सांगायची आणि त्याने ऐकायची. पण दुसऱ्या कुणाला ती पाठ नव्हती, आणि अबुंदिओ लहानपणी पाद्र्यांच्या शाळेत राहून आलेला. म्हणून तो उभा आणि आम्ही गुडघ्यांवर. फर्निचरच्या गोदामावर तो पहारेकरी होता, पाळी संपवून थेट यायचा, म्हणून तो गणवेश. भाऊ गेला असता तर रजा मिळाली असती. खोलीवरचा सोबती गेला म्हणून कोण रजा देतो? हातातला दंडुका म्हणजे नुकतीच विझवलेली मेणबत्ती. भिंतीवर ग्वादालूपेची आई, म्हणजे आमची मेरीमाता होती, ती फोटोत आली नाही, कारण फोटो दारातून तिरका काढलेला. कॉलेजातला कोणीतरी पोरगा होता, दार उघडून एकच फोटो घेऊन पळाला. पुढे तो वारल्यावर त्याची खोकी कुठल्याशा संग्रहात गेली आणि तिथे कुणाच्या तरी हाती हा फोटो लागला. गुडघ्यांवर पुरुष आणि डोक्यावर गणवेश, म्हणजे आणखी काय असणार?

असा तो प्रकार. त्या खोलीत ज्या एका माणसाचं सर्वस्व गेलं होतं, तोच जगाच्या लेखी हवालदार झाला.

मी दोन प्रकाशकांना कळवलं होतं. दोघांनी मनापासून आभार मानले आणि पुढच्या आवृत्तीत फोटो आणखी मोठा छापला. मग मी नाद सोडला. खरं सांगायचं तर वीट आला. नवं पुस्तक हातात घ्यायचं, मागची नावांची सूची उघडायची, आपल्यातलं कोण सापडतंय ते बघायचं, आणि पुन्हा त्या छाप्याच्या पानावर येऊन थांबायचं. सिनेमात तर बघायलाच नको. आमच्यातला कोणी पडद्यावर आला की एक तर त्याच्या हातात ट्रे असतो, नाही तर अंगात शर्ट नसतो. बोलायला चार वाक्यं मिळालीच, तर तो मध्यंतराच्या आत मरतो आणि त्याचा गोरा मित्र फार सुंदर रडतो. चळवळ झाली, मोर्चे निघाले, दगड फेकले गेले, आणि तेव्हा आम्ही म्हणे कुठेतरी नाचत होतो.

तर मागच्या वर्षी ट्रेवर नावाचा माणूस माझ्याकडे आला. माहितीपट काढणारा, पन्नाशीचा, मिनेसोटाकडचा, स्वतः गे, वागायला अगदी गोड. येताना आमच्याच गल्लीतल्या बेकरीतून गोड पाव घेऊन आला, म्हणजे कुणीतरी नीट शिकवून पाठवलेलं.

"मिस्टर ओरोस्को," तो म्हणाला, "या फोटोतले हयात असलेले तुम्ही एकटेच, असं आम्हाला कळलंय."

"एकटाच?"

"म्हणजे गिऱ्हाइकांपैकी. त्या पोलिसाचा आम्ही खूप शोध घेतला. खात्याकडे त्या छाप्याची नोंदच नाही."

"नसणारच."

"दडपलं असणार त्यांनी," ट्रेवर म्हणाला, आणि रागाने त्याचे कान लाल झाले. मला त्याची दया आली. माणूस मनाने चांगला होता.

मग त्याने फिल्मचं सांगितलं. देशभरातल्या समलिंगी चळवळीचा इतिहास, दीड तासाचा, मोठ्या थिएटरांत लागणारा. त्यात छाप्यांवर एक भाग, आणि त्या भागात हा फोटो. मी कॅमेऱ्यासमोर त्या संध्याकाळची हकिकत सांगायची. "आणि तुमचे जोडीदार," तो म्हणाला, "त्यांचा चेहरा मी पूर्ण पडदाभर घेणार. खाली नाव. एवारिस्तो काय?"

"एवारिस्तो लुना."

"एवारिस्तो लुना," त्याने जपून उच्चारलं.

इतक्या वर्षांत ते नाव त्या चेहऱ्याखाली कुणी लिहिलं नव्हतं. मला ते हवं होतं. उगाच तत्त्वाच्या गोष्टी कशाला सांगू? मला माझ्या माणसाचं तोंड घराएवढं झालेलं बघायचं होतं, आणि अनोळखी लोकांनी ते नाव वाचायला हवं होतं.

"आणि समजा, त्या दिवशी छापा पडलाच नसता, तर?" मी विचारलं.

ट्रेवर हसला. "तर मग तो त्या भागात बसणार नाही. फिल्म लांबली म्हणून निर्माते आधीच माझा जीव खातायत."

"आमच्यातलं दुसरं कोण आहे तुझ्या फिल्ममध्ये?"

त्याने कपात बघितलं. "म्हणूनच तर तुमच्याकडे आलोय," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी मी अबुंदिओकडे गेलो. तो बॉयल हाइट्समधल्या वृद्धाश्रमात असतो. एके काळी दारात उभा राहिला तर उजेड अडायचा, आता खुर्चीत बसला की खुर्चीच जास्त दिसते. गणवेशामुळे बारमध्ये त्याचं नाव 'हवालदारीण' पडलं होतं. आमच्या मंडळींत एकमेकांना बायकांसारखीच हाक मारायची रीत. पुरुष आम्ही कामावर आणि कोर्टात व्हायचो.

"आलीस का भवाने," तो म्हणाला. "किती दिवसांत तोंड दाखवलं नाहीस. मला वाटलं, खपलीस. माळ म्हणायची तयारी करून बसले होते मी."

"तू म्हणशील या भीतीनेच गेले नाही."

त्याला मी सगळं सांगितलं. तो लाल जेली चमच्याने खात ऐकत होता. जेली संपली तेव्हा म्हणाला, "म्हणजे मी पोलीस राहिले तर आपण सिनेमात."

"हो."

"आणि मी विधवा झाले तर कोणीच नाही."

"दिसतंय तरी असंच."

"मग त्यात विचारायला काय आलीस एवढी? सांगून टाक पोलीस म्हणून. इतक्या पुस्तकांत मी पोलीस आहे, आता फक्त पेन्शन चालू व्हायची राहिलीय."

"हसण्यावारी नेऊ नकोस गं. सेलेदोनिओचं नाव येणार नाही. तो गेला हेच कुणाला कळणार नाही."

"मला कळलंय ना. पुरे झालं तेवढं."

"तुला राग नाही येत?"

"येतो ना. पण पूर्वी यायचा तेव्हा पाय चालत होते. आता राग घेऊन जाऊ कुठे?" त्याने रिकामी वाटी माझ्या हातात दिली. "त्या प्रदर्शनाला गेलो होतो मी," तो म्हणाला.

स्वतःबद्दल तो पुरुषासारखा बोलायला लागला की थट्टा संपली, हे मला पक्कं ठाऊक होतं.

"कधी? मला बोलला नाहीस."

"एकटाच गेलो. म्हटलं, एवढा मोठा केलाय तर बघून यावं. तर माझ्या तोंडावर कुणीतरी च्युइंग गम चिकटवलेलं. पोलिसाच्या तोंडावर. चांगलं चावून, बोटाने दाबून. मी नखाने काढायला लागलो, तर तिथला रखवालदार ओरडला, 'आजोबा, हात लावायचा नाही.' त्याला काय सांगणार? तो त्याची ड्यूटी करत होता."

मी हातातली वाटी टेबलावर ठेवली.

"आता तू ते तोंड पाडून बसू नकोस," तो म्हणाला. "एवारिस्तो दिसू दे. देखणा होता मेला. माझी नुसती टोपी दिसते, त्याने काय अडतंय? मी म्हणते म्हणून सांग. फक्त त्या सिनेमावाल्याला म्हणावं, पोलीस दिसायला चांगला होता."

अशी परवानगी घेऊन मी घरी आलो. परवानगी मिळाली की माणसाला हलकं वाटायला हवं. मला मात्र ते च्युइंग गम दिसत राहिलं.

शूटिंग बरबँकमधल्या एका गोदामवजा स्टुडिओत होतं. एका बाईने माझ्या टकलाला पावडर लावली. समोर दिवे, ट्रेवर कॅमेऱ्याच्या शेजारी स्टुलावर. इथे एक गोष्ट सांगायला हवी: मी जन्मभर कोर्टात दुभाष्या होतो. स्पॅनिशमध्ये साक्षीदार जे बोलेल तेच इंग्रजीत बोलायचं, पदरचं काही घालायचं नाही, गाळायचं नाही. खुनी रडला तर त्याचं रडणं सोडून बाकी सगळं. त्यामुळे समोर यंत्र चालू झालं की माझी जीभ आपोआप सरळ होते. गुण म्हणा, खोड म्हणा.

सुरुवात उत्तम झाली. ट्रेवर विचारत होता आणि मी उत्तरं देत होतो. संध्याकाळ होती का? होती. तुम्ही गुडघ्यांवर होतात? होतो. फरशी गार होती? बर्फासारखी. एवारिस्तो तुमच्या शेजारी? अगदी खांद्याला खांदा लावून. बोलायची परवानगी होती? मध्ये बोलायचं नसतं, मी म्हटलं. एकही वाक्य खोटं नव्हतं, आणि तरी तो छापा विटेवर वीट चढावी तसा उभा राहत होता. माझी मलाच कमाल वाटली. असंच शेवटपर्यंत निभावेल असं वाटायला लागलं.

"आणि तो पोलीस," ट्रेवर हलक्या आवाजात म्हणाला, "तो तुम्हाला काय म्हणत होता?"

पोलीस काय म्हणतात ते मला तोंडपाठ आहे. दोनदा स्वतः ऐकलंय, कोर्टात शेकडो वेळा भाषांतर केलंय. हात मागे, मान खाली, आवाज बंद. एवढे शब्द बोललो असतो की काम फत्ते. पण मला त्या संध्याकाळचा अबुंदिओचा आवाज आठवला. नऊ दिवसांत तो आवाज पार बसला होता.

"तो देवाच्या आईची नावं घेत होता," मी म्हणालो.

"काय?"

"तिला खूप नावं आहेत. तो एकेक नाव घ्यायचा आणि आम्ही सगळे म्हणायचो, 'विनव त्याच्यासाठी.' शेवटी शेवटी त्याच्या तोंडून नाव फुटेना, नुसते ओठ हलायचे. तरी आम्ही आपले म्हणत होतो, 'विनव त्याच्यासाठी.' तो पोलीस नव्हे. त्या खोलीत ज्याचा नवरा मेला होता, तो तो. अबुंदिओ सालास. आणि गेलेल्याचं नाव सेलेदोनिओ रेंतेरिया."

मग थांबताच येईना. चुना, मेणबत्ती, साकातेकासला गेलेली गादी, न मिळालेली रजा, सगळं बाहेर आलं. तामाल्यांचंही सांगितलं. पावडर लावणारी बाई डोळे पुसायला लागली. कॅमेरावाल्याने माझ्याकडे बघायचं टाळलं.

दिवे बंद झाल्यावर ट्रेवरने मला मिठी मारली. "फार सुंदर आहे हे," तो म्हणाला. "पण मिस्टर ओरोस्को, हे मी बसवू कुठे?"

"ते मला नाही सांगता यायचं."

"मी प्रयत्न करतो. शपथेवर सांगतो, मनापासून करतो."

तो मनापासून बोलत होता, याबद्दल मला आजही शंका नाही. अबुंदिओला फोन करीन म्हणाला. तो फोन काही आला नाही.

अबुंदिओला मीच फोन केला. "मला नाही जमलं," मी म्हटलं. "सगळं खरं सांगून बसले."

पलीकडे टीव्हीचा आवाज येत होता. तो बंद झाला.

"सेलेदोनिओचं नाव घेतलंस?"

"घेतलं."

"आडनावासकट?"

"आडनावासकट."

मग म्हणाला, "बावळट आहेस तू." पण फोन ठेवायलाही तयार नव्हता. कोण कोण रडलं, ते त्याने दोनदा विचारलं.

आणि तिथून पुढे माझी झोप उडाली. कारण आतापर्यंत ज्या माणसाला काहीच नको होतं, त्याला आता हवं होतं. आश्रमात ज्याला त्याला तो सांगत सुटला की मी सिनेमात येणार. नर्सना सांगितलं, न्हाव्याला सांगितलं, शेजारच्या खोलीतल्या बहिऱ्या कोरियन म्हाताऱ्याला खुणांनी सांगितलं. 'काय म्हणून येणार?' असं कुणी विचारलं की म्हणायचा, 'मी म्हणूनच.' मी आपला म्हणायचो, अगं, काटछाट होते, सिनेमावाल्यांचा भरवसा नसतो. तो म्हणायचा, "तुझी जीभ काळी आहे, तोंड बंद ठेव."

वसंतात ट्रेवरचं आमंत्रण आलं. दोघांचं, दुपारच्या खेळाचं. गोड शब्दांत लिहिलेलं, पण फोटोबद्दल अवाक्षर नाही. अबुंदिओने निळा सूट काढला. तो त्याला आता दोन मापांनी मोठा होत होता. वॉकर धरून पायऱ्या चढायला आम्हाला इतका वेळ लागला, की मागची तरुण पोरं टाळ्या वाजवायच्या बेतात होती.

फिल्म चांगली होती. ते मला कबूल करायलाच हवं. न्यूयॉर्क आलं, सॅन फ्रान्सिस्को आलं, लांब केसांची गोरी पोरं हातात फलक घेऊन आली आणि म्हातारी होऊन पुन्हा मुलाखतीला आली. छाप्यांचा भाग सुरू झाला तेव्हा अबुंदिओने माझं मनगट धरलं. आमच्या शहरातला एक बार आला, पण पश्चिमेकडचा, गोऱ्यांचा. एका जुन्या चित्रफितीत एक पोरगा ट्रे घेऊन टेबलांमधून गेला. आमच्यातला असावा, चेहरा नीट दिसला नाही. मग पडदा काळा झाला आणि पुढचं वर्ष लागलं. आम्ही येऊन जायची जागा येऊन गेली होती.

मला रडू आलं नाही. रडायला काहीतरी नवीन घडावं लागतं. नुसता थकवा आला, हाडांत मुरलेला. एवारिस्तोचं तोंड घराएवढं झालं नव्हतं, आणि ते होण्यासाठी मला फक्त पोलिसांचे ते सहा शब्द बोलायचे होते. मी शेजारी बघितलं. अबुंदिओची हनुवटी छातीवर टेकली होती, डोळे मिटलेले, मनगटावरचा हात सैल. झोपला होता. मी मनातल्या मनात ग्वादालूपेच्या आईचे आभार मानले.

बाहेर पडताना दारात ट्रेवर माणसांच्या गराड्यात होता. आम्हाला बघून त्याने हात वर केला, आमच्याकडे यायला निघाला, पण कुणीतरी त्याला अभिनंदनासाठी ओढलं. तो ओढला गेला. मी त्याला दोष दिला नाही. मला दोष देण्याचाही कंटाळा आला होता.

रस्त्यापलीकडे बसथांब्यावर ऊन होतं. अबुंदिओला मी बाकावर बसवलं. त्याने टोपी काढून मांडीवर ठेवली.

"माझा डोळा लागला गं," तो म्हणाला. "आपलं येऊन गेलं का?"

"गेलं ना येऊन," मी म्हणालो.

"मोठं होतं?"

"पडदाभर."

"एवारिस्तो कसा दिसला?"

"देखणा. खाली नाव होतं. लोक श्वास रोखून बघत होते."

"आणि मी? हवालदार का?"

"नाही. तुझं नाव घेतलं. अबुंदिओ सालास, सेलेदोनिओ रेंतेरियाचा नवरा, असं स्पष्ट म्हणाले. हातात मेणबत्ती आहे असंही सांगितलं. मग फोटो हळूहळू तुझ्या तोंडाजवळ नेला आणि तिथेच ठेवला. कितीतरी वेळ."

"मागे काही गाणंबिणं?"

"काही नाही. नुसती शांतता."

"ते बरं केलं. कुणी रडलं का?"

"माझ्या पुढच्या रांगेतली एक बाई रडली. पांढरा स्वेटर घातलेली. तिच्या नवऱ्याने तिला रुमाल दिला."

तो मान डोलवत होता. मी सांगत गेलो, आणि एकदा सांगायला लागल्यावर मला एकेक गोष्ट दिसायलाच लागली. तामाल्यांवर लोक कसे हसले, आणि हसता हसता कसे गप्प झाले, तेही सांगितलं. सांगून संपलं तेव्हा त्याने टोपी डोक्यावर ठेवली आणि नीट बसवली.

"लायो," त्याने मला नावाने हाक मारली, "मला झोप लागली नव्हती."

समोरून दोन गाड्या गेल्या.

"कॅमेऱ्यासमोर इतकं झकास खोटं बोलली असतीस," तो म्हणाला, "तर आज आपण पडद्यावर असतो."

मी त्याच्याकडे बघू शकलो नाही. बसचा पत्ता नव्हता. त्याने वॉकर जवळ ओढला, त्यावर दोन्ही हात ठेवले, आणि उन्हात डोळे मिटले.

"त्या बाईचं परत सांग," तो म्हणाला. "पांढऱ्या स्वेटरवाली. ती नेमकी कुठे रडली?"

मी सांगितलं.